उणे अडीचची रेघ

पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघात किंवा एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर लागतं, तेव्हा मोजे काढून टाचेला थंडगार जेल लावायचं आणि पाय पेटीसारख्या यंत्रात ठेवायचा. काही मिनिटांत हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांचा कागद हातात पडतो. ठिपका पिवळ्यात आला की ‘झीज सुरू झालीय’ असं सांगितलं जातं.

खरं तर ‘झीज’ या शब्दानेच निम्मा घोळ घातला आहे. गुडघा झिजतो तेव्हा कूर्चा झिजते, मणक्यातली ‘गादी’ झिजते ती चकती. हाड विरळ होणं हे तिसरंच. त्यात घासलं काहीच जात नाही. जुनं हाड विरघळवणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात, मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, विरघळवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि बांधणाऱ्या मागे पडतात. पाळी जाण्याशी असलेलं हे नातं १९४०च्या सुमारास मांडलं गेलं. तरीही पुढची कित्येक वर्षं निदान व्हायचं ते हाड मोडल्यावरच, कारण साध्या एक्स-रेमध्ये विरळपणा दिसेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस डेक्सा हे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणारं यंत्र आलं आणि खुब्याची, मणक्याची घनता आकड्यात मिळू लागली. मग प्रश्न आला, आजार कुठून धरायचा? १९९४मध्ये जागतिक पातळीवरच्या एका तज्ज्ञगटाने रेघ ओढली. तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनं (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) किंवा त्याहून खाली, म्हणजे टी-स्कोअर उणे २.५ किंवा कमी, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार. उणे १ ते उणे २.५ या मधल्या पट्ट्याला नाव मिळालं ऑस्टिओपेनिया; शिबिराच्या कागदावर तोच पिवळा. उणे अडीचच का? तिथे रेघ ओढली की पाळी गेलेल्या गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के खाली येत होत्या, आणि त्यांच्यातला हाड मोडण्याचा आयुष्यभराचा धोकाही साधारण तेवढाच होता. देशादेशांतलं प्रमाण ताडून पाहायला ही सोय चांगली होती. एकेका बाईला ‘रोगी’ ठरवण्यासाठी ती आखलेली नव्हती, हे ठासून सांगायला हवं होतं. मधल्या पट्ट्याचं तर गणितच पाहा, उणे १ची रेघ धरली तर धडधाकट तरुण मुलींपैकीही सुमारे १६ टक्के तिच्या खाली जातात. ती संख्याशास्त्राची कड आहे, आजाराची नव्हे. पुढच्याच वर्षी, १९९५मध्ये, हाड विरघळणं रोखणारं नवं औषध अमेरिकेत मंजूर झालं, आणि पिवळा पट्टा बाजारालाही हवासा झाला.

भारतात आणखी एक पेच आहे. डेक्सा घनता क्षेत्रफळावर मोजतं, म्हणून लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्याहून विरळ दिसतं. देशी तरुणांचे संदर्भ आकडे २०१०पर्यंत तयार झाले, पण परदेशी आकड्यांवर बेतलेले रिपोर्ट सुरूच राहिले. त्यात ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाड मऊ होतं आणि स्कॅनवर तेही नुसतं ‘कमी घनता’ म्हणूनच उमटतं. उपचार मात्र वेगळा लागतो. स्कार्फ आणि लांब हातमोजे घालून स्कूटरवर निघणाऱ्या या शहरात ही शक्यता आधी तपासायला हवी. आणि टाचेच्या यंत्राला तर १९९४ची रेघ लागूच होत नाही, ती डेक्साची आहे.

२००८मध्ये पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढणारं गणनसाधन आलं. त्यात वय, स्टेरॉइड, धूम्रपान, आईवडिलांचा मोडलेला खुबा आणि स्वतःचं आधीचं फ्रॅक्चर हे सगळं धरतात. शिबिरात यातलं शेवटचं क्वचितच विचारलं जातं. बावन्नाव्या वर्षी न्हाणीघरात घसरून मनगट मोडलेलं असतं, सहा आठवडे प्लास्टर होतं, ‘पडले म्हणून मोडलं’ म्हणून ते विसरलं जातं. मला तो पिवळ्या ठिपक्याहून कितीतरी मोठा इशारा वाटतो.