चित्राधारित लेखन

चित्राधारित लेखन : एखादे चित्र समोर ठेवून, त्यातून सुचलेली कविता, कथा किंवा ललित गद्य. 'चित्र पाहून गोष्ट लिहा' या शाळेतल्या प्रश्नामुळे प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे. पाश्चात्त्य समीक्षेत यासाठी 'एक्फ्रासिस' ही संज्ञा आहे. मराठीत 'चित्रवर्णन' म्हणतात. पण तो शब्द तोकडा पडतो, कारण यातले चांगले लेखन वर्णनापाशी क्वचितच थांबते.

संज्ञेचा अर्थ वादग्रस्त आहे. ग्रीक वक्तृत्वशाळांतील प्राथमिक पाठांपैकी एक्फ्रासिस हा एक पाठ. थिऑन (बहुधा इ. स. पहिले शतक, काहींच्या मते बराच नंतरचा) याच्या व्याख्येचा गाभा असा, की सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे. त्याचे विषय माणसे, प्रसंग, स्थळे, ऋतू असे आहेत. चित्रे व पुतळे यांचा वेगळा विचार निकोलाओस (5वे शतक) याच्याकडे सापडतो. 'कलाकृतीवरचे लेखन' हा आजचा संकुचित अर्थ रुळण्यात समीक्षक लिओ स्पिट्झर यांच्या, इंग्रज कवी कीट्सच्या ग्रीक कलशावरील कवितेविषयीच्या निबंधाचा (1955) वाटा मोठा आहे. जेम्स हेफर्नन यांनी 1993 मध्ये 'दृश्य प्रतिरूपाचे शाब्दिक प्रतिरूप' अशी नेटकी व्याख्या केली. हा अर्थ प्राचीनांवर लादता येत नाही, असे रूथ वेब यांचे म्हणणे. इतिहासापुरते ते अधिक ग्राह्य वाटते. व्यवहारात मात्र हेफर्नन यांचीच व्याख्या चालते.

असाच वाद ग्रीक लेखक फिलोस्ट्राटस (3रे शतक) याच्या चित्रवर्णनांबद्दल आहे. नेपल्सजवळच्या एका घरातील चित्रे तो यजमानाच्या दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगतो, अशी मांडणी. चित्रे खरोखर होती की सारा वक्तृत्वाचा खेळ? कार्ल लेमान यांनी 1941 मध्ये चित्रांच्या क्रमावरून दालनांची रचनाही मांडून दाखवली. मांडणी चतुर आहे. पण वर्णने चित्राच्या चौकटीबाहेरचे आवाज, वास आणि पुढची घटना इतक्या सहज सांगतात, की केवळ त्यांवरून भिंत उभी करणे धाडसाचे ठरते.

चौकटीबाहेर जाणे हेच या प्रकाराचे मर्म. जर्मन समीक्षक लेसिंगने 1766 मध्ये म्हटले, की चित्र अवकाशातील वस्तू दाखवते आणि काव्य काळातील क्रिया. त्याने दाखला दिला तो होमरचा : ग्रीक वीर अकिलीसची ढाल कशी दिसते हे न सांगता होमर ती घडताना दाखवतो. संस्कृत नाटककारांना हे ठाऊक होते. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंत आपण काढलेल्या चित्रात काय राहिले ते सांगतो : मालिनी नदीच्या वाळूत बसलेली हंसांची जोडी, वल्कले वाळत घातलेले झाड, काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. श्लोक उभा राहतो तो न काढलेल्या गोष्टींवर. (आता हा फलक लांब दाढीवाल्या तापसांनी भरणार, हे विदूषकाचे मत.) 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात चित्रातली शूर्पणखा पाहून सीता घाबरते, तेव्हा राम म्हणतो, 'चित्रमेतत्' (हे चित्र आहे). तीच चित्रे पाहून तिला पुन्हा वनात जाण्याचे डोहाळे लागतात आणि त्यातूनच त्यागाची वाट मोकळी होते.

आधुनिक काळातील नेहमीचे उदाहरण ब्रसेल्समधील इकारसच्या (ग्रीक कथेत पंख लावून उडालेल्या आणि समुद्रात पडलेल्या मुलाच्या) पतनाचे चित्र. इंग्रज कवी ऑडेनची 1938 ची कविता त्यावर आहे. चित्र ब्रूगेलच्या नावावर असले, तरी आज ते बहुधा हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल मानले जाते. त्यात मेंढपाळ मान वर करून पाहतो, पण वर आभाळ रिकामे आहे. दुसऱ्या एका प्रतीत तेथे इकारसचा बाप डेडलस उडताना दिसतो.

पद्धती : चित्र आधी दहा मिनिटे नुसते पाहावे. मग डावीकडून उजवीकडे जात वीस-पंचवीस नामे टिपावीत, विशेषणे टाळावीत. कागदावर दोन रकाने करून 'दिसते' आणि 'वाटते' वेगळे ठेवावे. 'बाई उदास आहे' हे दुसऱ्या रकान्यातले, 'बाईची नजर खाली आहे' हे पहिल्यातले. यानंतर बोलणारा ठरवावा : पाहणारा, चित्रातला कोणी, चित्रकार किंवा एखादी वस्तू. शेवटी चित्र बाजूला ठेवून 250–300 शब्दांचा पहिला खर्डा करावा. चित्र समोर राहिले, तर लेखन यादीकडे घसरते.

सावळाराम हळदणकर यांचे दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र (1945–46, जगनमोहन राजवाडा, म्हैसूर) सरावाला उत्तम. त्यात ज्योत दिसतच नाही. ती हाताआड आहे आणि उजेड लालसर बोटांतून कळतो. 'ज्योत तेवत होती' असे लिहिणाऱ्याने चित्र नीट पाहिलेले नसते. हे चित्र अनेकदा राजा रविवर्म्याचे म्हणून दाखवले जाते. रविवर्मा 1906 मध्येच वारला. चित्राखालच्या नावावर विसंबणे हा पहिला दोष : त्याने कथेचा काळच चुकतो.

दुसरा दोष मोबाइलवर पाहण्याचा. वीतभर लघुचित्र आणि भिंतभर कॅनव्हास तेथे एकाच मापाचे होतात, कडा कापल्या जातात, रंग बदलतात. म्हणून मूळ माप सेंटिमीटरमध्ये शोधून तेवढा कागद भिंतीवर लावून पाहावा. तिसरा दोष, चित्रकाराचे चरित्र मजकुरात ओतणे. खर्डा चित्र न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवला, की हा दोष लगेच कळतो : त्याला चित्र शोधावेसे वाटले तर ठीक, पण चित्राशिवाय काहीच कळेना, तर खर्डा कच्चा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथीत क्रम उलटा असतो : कथा आधीची, चित्रे तिच्यासाठी काढलेली, आणि एकेक चित्र उभे धरून ती गाऊन सांगायची. त्यामुळे ती या नोंदीच्या कडेवरच येते.

चित्रासह लेखन छापायचे असल्यास हक्क तपासावेत. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून सामान्यतः 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. चित्र न छापता त्यावर कविता लिहायला ही अडचण सहसा येत नाही.