स्पे रॉडला दंडात ताकद लागत नाही

पवना, मुळशीच्या काठी गळ टाकणाऱ्या पुणेकरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: स्पे रॉडला, म्हणजे दोन हातांनी धरायच्या मासेमारीच्या लांब काठीला, पैलवानी जोर लागतो, आणि तो सॅमनसारख्या धुडांसाठीच, ट्राउटसारख्या लहान माशाला निरुपयोगी. दोन्ही चूक.

लाइन, म्हणजे गळाची दोरी, टाकायची ही स्पे फेक रुजली स्कॉटलंडच्या स्पे नदीवर, १९व्या शतकात. तिथे काठालगतच चढ आणि झाडी. लाइन मागे उडवली की फांदीत अडकलीच. म्हणून ती मागे पूर्ण न्यायचीच नाही. लाइनचं टोक क्षणभर पाण्याला टेकवायचं, उरलेल्या लाइनचा झोळ रॉडमागे होऊ द्यायचा आणि पुढे सोडायचं. पाण्याची पकड लाइनला ताण देते, त्या ताणानं रॉड वाकतो. वरचा हात बराचसा टेकूच. खरं काम खालच्या हाताचं, तो रॉडची खालची मूठ पोटाकडे ओढतो. खांदा भरून आला तर समजा, वरच्या हातानं ढकलाढकली चाललीय. (सोसायटीच्या हिरवळीवर सराव करणाऱ्यांनो, गवत तशी पकड देत नाही. पाणी गाठा.)

ट्राउटसाठी २ ते ४ नंबरच्या लाइनचे (नंबर लहान तितकी लाइन हलकी), साधारण ११ फुटी हलके दोनहाती रॉड मिळतात. आपल्या कोमट पाण्यात ट्राउट नाहीच, त्यासाठी हिमाचल नाहीतर काश्मीर गाठायचं. पण हिमाचलातल्या तीर्थन नदीसारख्या दगडधोंड्यांच्या अरुंद प्रवाहावर मी तरी एकहातीच नेईन. स्पे फेक त्यानंही जमते. दोनहाती रॉडची मजा रुंद पात्रात.