जलचरस : ओला आणि वाळला माल

जलचरस : भांगेच्या झाडाची (कॅनाबिस सटायव्हा) मादी फुले बर्फाच्या पाण्यात ढवळून, त्यांवरील राळ वेगवेगळ्या विणीच्या जाळ्यांतून गाळून मिळवलेला चरस. ‘बबल हॅश’, ‘आइस-ओ-लेटर’ ही त्याची बाजारातील नावे. हाताने चोळून काढलेल्या चरसापेक्षा हा प्रकार बराच अलीकडचा आहे. जाळीच्या पिशव्यांचे संच 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात नेदरलंड व कॅनडा येथून पसरले. श्रेय बहुधा अॅम्स्टरडॅमच्या मिला यान्सेन यांना दिले जाते. पाण्यात राळ बुडते हे त्याआधीही काहींना ठाऊक होते, त्यामुळे ‘शोध’ म्हणण्यापेक्षा ‘प्रसार’ म्हणणे बरे.

‘चरस’ शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. हिंदीत चरस म्हणजे विहिरीवरची चामड्याची मोट. मध्य आशियातील यारकंदचा माल चामड्याच्या पिशव्यांत भरून येई, त्यावरून नाव पडले असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे शब्द फारसीतून आला. मोटेची व्युत्पत्ती विदर्भातल्या वाचकाला चटकन पटते खरी, पण शब्द मालाबरोबरच उत्तरेकडून उतरला असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. हा व्यापार लेहमार्गे पंजाबात येई.

राळ फुलांवरील ग्रंथिल लवेच्या टोकांशी साठते. देठ असलेल्या ग्रंथींची शीर्षे साधारण 50 ते 100 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. थंडीने ती ठिसूळ होऊन देठापासून तुटतात. राळ पाण्यात विरघळत नाही व पाण्याहून किंचित जड असल्याने तळाशी बसते. एवढे तत्त्व ओल्या (ताज्या गोठवलेल्या) व वाळल्या दोन्ही प्रकारच्या फुलांना, म्हणजे मालाला, लागू आहे. फरक पडतो तो वास, रंग आणि वजन यांत.

वासाचे मूळ टर्पिनांत, म्हणजे वनस्पतीतील उडून जाणाऱ्या सुगंधी द्रव्यांत, आहे. त्यांपैकी मिर्सिन, लिमोनिन यांसारखी हलकी एकटर्पिने आधी उडतात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ताज्या फुलांतील बाष्पनशील तेल आठवडाभर हवेत वाळवून ठेवल्यावर सुमारे 31 टक्के, तर तीन महिन्यांनी 55 टक्के घटलेले आढळले. कापणीनंतर लगेच गोठवलेला माल हा तोटा टाळतो. (सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाळवला की रंग थोडाफार टिकतो, वास टिकत नाही, हा घरोघरचा अनुभव याच जातीचा.) वाळल्या मालात पानांचा चुरा होऊन तो राळेबरोबर जाळीतून उतरतो, त्यामुळे चरस हिरवट व कडसर होतो, जुना माल असल्यास टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचा काही भाग ऑक्सिडीभवनाने सीबीएन या कमी नशेच्या घटकात बदललेला असतो. उलट गोठवलेल्या मालाला अखंड शीतकरण लागते. मिळालेली राळ ओलसर राहिली तर बुरशी धरते, म्हणून ती बहुधा शीतशुष्कन यंत्रात (गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात) वाळवतात.

उताऱ्याची, म्हणजे मालाच्या वजनामागे किती राळ निघते याची, तुलना मात्र फसवी असते. ताज्या फुलांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. चार-पाच किलो ओले फूल वाळून जेमतेम एक किलो भरते. म्हणून ओल्या मालाचा उतारा टक्केवारीत नेहमी कमी दिसतो. त्यावरून वाळल्या फुलात राळ जास्त असते असे म्हणणे चूक होय.

विदर्भाचा जुना संबंध चरसाशी कमी, गांजाशी अधिक. 1893–94 च्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या वेळी वऱ्हाड हा निजामाकडून घेतलेला स्वतंत्र कारभाराचा मुलूख होता, तर नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा मध्य प्रांतात होते. त्यामुळे आजच्या विदर्भाची माहिती आयोगाच्या कागदपत्रांत दोन ठिकाणी विभागली आहे. मध्य प्रांतातील गांजा प्रामुख्याने खंडव्याकडचा. चिलीम, साफी आणि महाशिवरात्रीची भांग यांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 नुसार वेगळी केलेली राळ, ती कच्ची असो वा शुद्ध केलेली, ‘चरस’ ठरते. ओल्या किंवा वाळल्या फुलांपासून काढली, याने काही बदलत नाही. 2001 च्या अधिसूचनेप्रमाणे चरसाची अल्प मात्रा 100 ग्रॅम व व्यापारी मात्रा 1 किलो. गांजाच्या बाबतीत हेच आकडे 1 किलो व 20 किलो. गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांपासून सुटलेली पाने व बिया येत नाहीत. कपाशी-तुरीच्या ओळींत लपवून लावलेली हिरवी झाडे जप्त होतात, तेव्हा पाण्यासकट, खोडासकट केलेले वजन आणि वाळल्या शेंड्यांचे वजन यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो.