बाथरूमचा पंखा: साधा, स्मार्ट की टायमरचा?

घराचं काम काढलं की टाइल्स, नळ, कमोड यांवर महिनाभर चर्चा होते. एक्झॉस्ट पंख्याची आठवण येते ती टाइल्स बसल्यावर. तोवर वायर ओढायची, भोक पाडायची वेळ गेलेली असते. म्हणून गवंडी घरात यायच्या आधीच हे पत्रक वाचा.

साधा पंखा बटणावर चालतो. स्मार्ट पंखा हवेतला दमटपणा मोजून किंवा माणसाची चाहूल लागून आपोआप सुरू होतो, काही मोबाइलवरूनही चालतात. आम्ही दोन्ही विकतो आणि बसवतो. तरी मुंबईतल्या बहुतेक घरांना आमचा सल्ला एकच: चांगला साधा पंखा घ्या आणि त्याला टायमर लावा. बहुतेक जण बाहेर पडताना दिव्याबरोबर पंखाही बंद करतात, आणि भिंती-छत ओलेच राहतात. बुरशी धरते ती तिथेच. टायमर असला की आंघोळीनंतर पंखा 15-20 मिनिटं चालून आपला आपण थांबतो.

दमटपणा मोजणारा पंखा आपल्याकडे पावसाळ्यात अडचणीत येतो. समजा, त्याला 65 टक्क्यांची मर्यादा लावलेली आहे. जुलैत मुंबईत बाहेरचीच हवा 80-90 टक्के दमट असते. तीच आत येणार, आकडा खाली उतरणार नाही आणि पंखा दिवसरात्र फिरत राहणार. 35 वॉटचा पंखा रोज तासभर चालला तर महिन्याला साधारण 1 युनिट लागतं. अखंड चालला तर 25. मोटारही लवकर झिजते. सेन्सर हवाच असेल तर मर्यादा हाताने बदलता येणारा, किंवा दमटपणा एकदम वाढला तरच सुरू होणारा घ्या. खिडकी नसलेलं आतलं बाथरूम असेल, किंवा घरात बटण विसरणारी वयस्कर माणसं असतील, तर त्याचे पैसे नक्की वसूल होतात.

पंखा कोणताही घ्या, हवा आत कुठून येणार हे आधी पाहा. दार घट्ट बसत असेल तर महागडा पंखाही नुसता आवाज करतो. दाराखाली बोटभर फट ठेवा किंवा खालच्या भागात जाळी बसवा. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत पंखा बसवलात तर शेजारच्या पट्ट्या बंद करा. नाहीतर तो बाहेरचीच हवा ओढून बाहेर फेकतो. पंखा चालू करून दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर काम बरोबर झालंय.

4 बाय 7 फुटांच्या बाथरूमला 6 इंची पंखा पुरतो. फॉल्स सीलिंगमधून पाइप न्यायचा असेल तर तो आखूड आणि सरळ ठेवा, आणि तोंड इमारतीच्या डक्टमध्ये किंवा बाहेर उघडू द्या. सीलिंगच्या पोकळीत सोडलेली वाफ तिथेच साचते. समुद्राजवळ राहत असाल तर प्लास्टिक बॉडीचा घ्या. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर पंखा लावला म्हणून निर्धास्त राहू नका. बंद खोलीत पंखा हवा ओढतो तेव्हा गिझरचा धूर उलटा आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. कामाच्या निमित्ताने गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवाच.

वायरिंग उघडं असतानाच स्विचबोर्डापर्यंत न्यूट्रल वायरही ओढून घ्या. बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते आणि जुन्या इमारतींच्या बोर्डांत ती सहसा नसते. आज साधा पंखा लावलात तरी पुढे भिंत फोडावी लागणार नाही. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि बीम-कॉलमला हात लावू देऊ नका.

दुकानात येताना बाथरूमची मापं, दाराचा, खिडकीचा आणि तिच्याबाहेरच्या डक्टचा फोटो घेऊन या.