गीतकाराच्या रॉयल्टीचा घोळ नक्की सुरू कुठून झाला

रॉयल्टीचा विषय निघाला की सगळे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीपासून सुरू करतात, पण गाठ बसली ती १९७७ ला. त्याआधीचं काय सांगायचं, शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा आणि बिदागी घेऊन निघायचा. पुढे सिनेमा आला, गाण्यामागे ठरावीक रक्कम हातावर टेकवायची पद्धत पडली, आपण तिला कौतुकाने मानधन म्हणतो.

मुळात कायद्यात 'गाणं' अशी वस्तूच नाही. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती (त्यात शब्द धरायचे नाहीत असं आताच्या व्याख्येतच आहे), रेकॉर्डिंग तिसरंच. तीन वस्तू, तीन मालक असू शकतात. १९५७ च्या कायद्यात पहिला मालक म्हणजे ज्याने लिहिलं तो, पण खाली अपवाद आहेत, आणि तिथेच माशी शिंकली.

एक अपवाद असा की कोणी मोबदला देऊन फोटो, चित्र, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग किंवा सिनेमा करून घेतला तर मालक तो पैसे देणारा. यादी नीट वाचा, कविता नाही, चाल नाही. पण सिनेमात साउंडट्रॅक येतो, म्हणून निर्मात्याने सिनेमासाठी करून घेतलेली गाणीही त्याचीच, वेगळा करार नसेल तर, असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये धरलं. त्याआधी कॉपीराइट बोर्डाने (असे वाद ऐकणारं सरकारी मंडळ) उलट म्हटलं होतं, हायकोर्टाने ते फिरवलं होतं. मला तरी हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो, कारण सिनेमाच्या हक्कामुळे त्यातल्या मूळ कृतींच्या वेगळ्या हक्काला धक्का लागणार नाही असं त्याच कायद्यात कलम १३ मध्ये लिहिलंय. गंमत म्हणजे एका न्यायमूर्तींनी निकालाला स्वतःची पुरवणी जोडून खंत व्यक्त केली, पण ती मुख्यतः गायकाला हक्क नाही याची.

आणि वेगळा करार करून मागणार कोण? चाल आधी तयार, मीटरमध्ये शब्द बसवायचे, मुखडा चार वेळा बदलायचा, नाही म्हटलं तर बाहेर दुसरा बसलेलाच. पोटापाण्याची सोय दुसरीकडे असेल तोच 'हा शब्द बदलणार नाही' म्हणू शकतो. हक्क विकल्यावरही, बदनामी होईल अशी मोडतोड केली तर दाद मागता येते, कलम ५७ आहे, पण कोर्टाचा खर्च कोण करणार.

२०१२ ला शेवटी लिहिलं गेलं की सिनेमातल्या गाण्याच्या शब्दांची आणि चालीची रॉयल्टी ज्याने हक्क घेतले त्याच्याबरोबर समान वाटून घ्यायची, आणि हा वाटा सोडून देता येणार नाही, फक्त वारसांना किंवा वसुली करणाऱ्या संस्थेला देता येईल. 'सोडता येणार नाही' हे तीन शब्दच महत्त्वाचे, नाहीतर करारात पहिल्याच पानावर सोडायला लावलं असतं. तरी रेडिओवाले म्हणत राहिले की रेकॉर्डिंगचे पैसे दिले, आता शब्दांचे वेगळे कशाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेशात, द्यावे लागतील, असं सांगितलं.

थिएटरमध्ये सिनेमासोबत गाणं वाजलं तर मात्र या वाट्यातलं काही नाही, तेवढं २०१२ लाच वगळून ठेवलंय.