गोड्या पाण्याची तपासणी : रसायन आणि प्राणिप्लवक (गोवा)

पाण्यात विरघळलेले घटक मोजून आणि त्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी ओळखून तळे, नदी किंवा धरणाच्या पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत. रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या घडीचे पाणी दाखवते. प्राणिप्लवकांचे आयुष्य काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचे असते, त्यामुळे आधी घडून गेलेल्या गोष्टींची खूणही त्यांच्यात सापडते.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जमीन जांभ्याची, तिच्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. म्हणून पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) 6.5 ते 8.5 हवा, पण इथल्या कितीतरी विहिरींचा सामू मुळातच त्याहून खाली असतो. केवळ तेवढ्यावरून प्रदूषणाचा शिक्का मारणे चूक. शिवाय अशा पाण्याला सामू सावरून धरण्याची ताकद नसते; शेवाळ माजलेल्या तळ्यात तो सकाळी एक, दुपारी भलताच दिसतो.

विद्राव्य ऑक्सिजन विंकलर पद्धतीने (1888) मोजतात. बाटलीत बुडबुडा न ठेवता नमुना भरून ऑक्सिजन तिथल्या तिथे रसायनांनी बांधून ठेवायचा, अनुमापन (मोजलेले द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण काढणे) मग प्रयोगशाळेत. 30 अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे जेमतेम 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत केवळ निर्जंतुक करून पिण्याजोग्या स्रोताला किमान 6, तर आंघोळीच्या पाण्याला 5 मिलिग्रॅम लागतो. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) अनुक्रमे 2 आणि 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. जलपर्णीने झाकलेल्या तळ्यात पहाटे आणि दुपारी मिळणाऱ्या आकड्यांत मोठा फरक पडतो, म्हणून वेळेची नोंद नसलेला आकडा फारसा कामाचा नाही.

सांगे-केपे भागात मँगनीजचे खनिज आहे. खोल जलाशयाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातले मँगनीज विरघळू लागते. साळावलीसारख्या धरणात म्हणूनच पृष्ठभागाबरोबर तळाचाही नमुना घ्यायला हवा. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात पावसाळ्यात येणारी लाल माती आणखी एक अडचण करते : क्लॅडोसेरा गटाचे प्राणी (पाणपिसवा) पाणी गाळून खातात, त्यांच्या पोटात अन्नाऐवजी चिकणमातीच जाते. रोटिफर हे त्यांहून लहान प्लवक वेचून खातात, त्यामुळे ते गढूळपणात तुलनेने तग धरतात. लोहखनिजाच्या रासायनिक चाचणीत न दिसणारा हा परिणाम प्लवकांच्या मोजणीत दिसतो.

नमुन्यासाठी 50 ते 60 मायक्रॉन छिद्रांच्या जाळीतून ठरावीक लिटर पाणी गाळतात, फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात आणि एक मिलिलिटर मावणाऱ्या सेजविक-राफ्टर पेटीत सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. फॉर्मॅलिनने मऊ अंगाचे रोटिफर आक्रसून गोळा होतात व ओळखता येत नाहीत. थोडा नमुना जिवंत आणलेला बरा.

ब्रॅकिओनस आणि ट्रायकोसर्का या रोटिफरांच्या दोन प्रजाती (जातींचे गट). ब्रॅकिओनस जातींची संख्या भागिले ट्रायकोसर्का जातींची संख्या, असा एक गुणांक 1983 मध्ये शास्त्रज्ञ स्लादेचेक यांनी सुचवला. तो 2 च्या वर गेला की पाणी पोषकद्रव्यांनी माजलेले समजतात. ब्रॅकिओनसला मुळात अल्कधर्मी पाणी मानवते. जांभ्यावरच्या आम्ल पाण्यात तो आपोआपच कमी असतो, आणि सांडपाणी येत असूनही तळे कागदावर स्वच्छ ठरू शकते. इथे लेकेन या रोटिफरासारख्या काठच्या वनस्पतींत राहणाऱ्या जातींचे वैविध्य वर्षानुवर्षे पाहणे अधिक भरवशाचे. मोठे क्लॅडोसेरा दिसेनासे झाले तरी आधी तळ्यातल्या माशांची चौकशी करावी, कारण मासे मोठाल्यांनाच आधी टिपतात.

खाजनालगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीलगतच्या) पाण्यात ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस सापडला, तर मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारे पाणी आत झिरपत असावे. हा रोटिफर खारट पाण्यातला. विद्युतवाहकता मोजून खात्री करता येते.

कुडचड्याजवळचे नंदा तळे 2022 मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. अशा तळ्यांत पाणी पिकासाठी अडवले आणि सोडले जाते, त्यामुळे पातळी बदलते आणि तुलना एकाच हंगामातल्या नमुन्यांचीच करावी लागते. पिण्याच्या स्रोतासाठी मात्र प्लवक पुरत नाहीत : केवळ निर्जंतुक करून पिण्याजोग्या वर्गात 100 मिलिलिटरमागे कॉलिफॉर्म जीवाणू 50 च्या आत असावे लागतात आणि त्यांची चाचणी स्वतंत्र करावी लागते.