एकच पिस्टन का पळतो? सायकलच्या डिस्क ब्रेकचं दुखणं

पावसाळ्यात पन्हाळा सायकलवर उतरलाय त्याला हा आवाज नक्की माहीत असणार. वाघबीळ मागं पडलं, सपाट रस्ता लागला, ब्रेक कधीच सोडलाय तरी पुढच्या चाकातून खर्र... खर्र... चालूच. घरी येऊन कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंच्या पॅडनी चिमटणाऱ्या भागात, टॉर्च मारून हळूच लिव्हर दाबून बघा, एका बाजूचा पॅड पटकन पुढं येतो, दुसरा जागचा हलत नाही आणि मधली डिस्क बिचारी एका बाजूला वाकते.

माझ्या सायकलला हे झालं तेव्हा एका दुकानात दोनदा ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा काढून नवं ऑइल भरणं) करून घेतलं, ऑइल नवं, पैसे गेले, खरखर तशीच. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की बाबांनो, यात ऑइलचा दोष नसतो!

ऑइल पक्षपात करत नाही. पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 17व्या शतकातच सांगून ठेवलंय की बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडं सारखाच पोचतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेसवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे पॅडना मागून रेटणाऱ्या दोन्ही पिस्टनना ढकलणारा जोर सारखाच आहे, फरक आहे तो त्यांना अडवणाऱ्या घर्षणात. जुन्या वाड्याचं दोन फळ्यांचं दार आठवा, पावसात एक फळी फुगून चौकटीत बसते, दोन्ही हातांनी सारखंच ढकललं तरी मोकळी फळी आधी उघडते आणि फुगलेली तिथंच.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत इथं आहे. समजा लिव्हरकडचा पिस्टन 10 मिमी व्यासाचा आणि कॅलिपरमधले दोन 22 मिमीचे. प्रत्येकाचं क्षेत्रफळ लिव्हरकडच्या पिस्टनच्या जवळजवळ पाचपट, म्हणून एका बोटाच्या दाबानं घाटात सायकल थांबते. पण जोर वाढला की अंतर कमी होतं, लिव्हरचा पिस्टन 5 मिमी सरकला तर खालचे दोन्ही जेमतेम अर्धा-अर्धा मिमी सरकणार. त्यातला एक अडकला की सगळं ऑइल दुसऱ्याकडं, तो एकटाच 1 मिमी पुढं. डिस्क आणि पॅडमधली फटच मुळात मिमीच्या काही दशांशांची, मग डिस्क वाकणार नाही तर काय होणार? मोटरसायकलच्या बऱ्याच डिस्क ब्रेकमध्ये अख्खा कॅलिपरच पिनांवर सरकतो म्हणून तिथं एका बाजूच्या पिस्टनवर भागतं, सायकलचा कॅलिपर मात्र पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला बोल्टनं घट्ट, तो सरकून सांभाळून घेऊ शकत नाही.

मग अडकतं कुठं? पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची रबरी रिंग असते, ती म्हणजे सील. लोकांना वाटतं सीलचं काम फक्त ऑइल अडवणं, पण ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागं आणते ती मुख्यतः हीच. पिस्टन पुढं गेला की रबर त्याला धरून थोडं वाकतं, दाब गेला की सरळ होताना त्याला मागं ओढतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून जरासा घसरून पुढची जागा धरतो, म्हणून हे ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत राहतात. केवढं साधं आणि केवढं हुशार काम आहे बघा! पण जोतिबा-पन्हाळ्याकडची तांबडी माती आणि पॅडची काळी भुकटी पिस्टनवर वाळून बसली, रबर कोरडं पडलं, की पिस्टन सीलला चिकटतो, घसरायचं विसरतो आणि दरवेळी जुन्याच जागी परत जातो. झिजेची भरपाई मग समोरचा एकटा करत बसतो.

उपाय तासाभराचा आहे. चाक काढा, पॅड काढा आणि डिस्क-पॅड लांब ठेवा कारण पॅडला ऑइल लागलं तर तो गेलाच समजा. मोकळ्या पिस्टनला प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं (टायर काढायच्या पट्टीनं) धरून ठेवा आणि ब्रेक अगदी हळू दाबत अडकलेल्याला 2-3 मिमी बाहेर येऊ द्या, जास्त नको, नाहीतर निसटून सगळं ऑइल हातावर. आता इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिस्टनची उघडी कड गोल फिरवत पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत. सॅनिटायझर नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. पेट्रोल, रॉकेल, गंज काढायचा स्प्रे तर नकोच नको, काही सीलचं रबर त्यानं फुगतं.

मग ब्रेकमध्ये जे ऑइल आहे त्याचाच एक थेंब कडेला लावा. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट (वेगळ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) तर काही नव्या मॉडेलना मिनरल, म्हणून अंदाजानं न जाता लिव्हरवर लिहिलंय ते वाचा, चुकीचं ऑइल गेलं तर सील खराब होतात. पिस्टन सरळ आत ढकला, स्क्रू ड्रायव्हरनं नाही, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात, टवका उडतो. परत बाहेर, परत आत, असं चार-पाच वेळा केलं की चाल मोकळी होते. मग दुसऱ्या पिस्टनलाही तेच करा, नाहीतर उद्या तो मागं पडेल. शेवटी उरलेला थेंब कॅलिपरच्या आतून नीट पुसून घ्या.

नवे पॅड बसवताना मळका पिस्टन न पुसताच आत दाबायचा, ही सगळ्यात मोठी चूक. ती सगळी माती आपण स्वतःच्या हातानं सीलवर घासतो, आणि माझ्यामते निम्मी दुखणी तिथंच सुरू होतात. तसंच कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून परत आवळायची युक्ती चांगली आहे पण ती साफसफाईनंतर, आधी केली तर खरखर काही दिवस दबते आणि आळशी पिस्टन आळशीच राहतो.

एवढं करूनही एक बाजू हलत नसेल किंवा पिस्टनच्या कडेला ऑइल पाझरताना दिसलं तर सील संपलं. बऱ्याच कंपन्या सायकलच्या कॅलिपरचे सील सुटे विकत नाहीत, कॅलिपरच बदलावा लागतो, आणि तो बदलेपर्यंत त्या सायकलवर पन्हाळा काय, रंकाळ्याची चक्करसुद्धा मारू नका.